पत्रे आणि तारखा : एक खिडकी की दोन?

विद्यार्थी मित्रांनो, पूर्वी घरी आलेली पत्रे कोठे ठेवीत असत, हे तुमच्या आजीला किंवा आजोबांना विचारून पाहा. बहुतेक घरांत भिंतीवरच्या खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली असे. वाचून झालेले पत्र त्या तारेत ओवून टाकायचे. शेजारच्या खिळ्यावर कॅलेंडर असे. लग्नाची पत्रिका आली, की घरातील कोणीतरी तिच्यातील तारीख पाही आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात पेन्सिलीने लिहून ठेवी. तार वेगळी आणि कॅलेंडर वेगळे. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे पेन्सिल घेतलेला तो माणूस. तो विसरला, की लग्नाचा दिवस चुकलाच म्हणून समजा!

आज पत्रे ई-मेलने येतात आणि तारखा संगणकात लिहिल्या जातात. तार गेली, खिळा गेला. पण जुना प्रश्न तसाच उरला. पत्रातील तारीख कॅलेंडरवर कोणी लिहायची? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून काही संगणकतज्ज्ञांनी असे सुचविले, की पत्रे, कॅलेंडर, पत्त्यांची वही आणि कामांची यादी ही सगळी एकाच मोठ्या आज्ञावलीत, एकाच खिडकीत ठेवावीत. दुसरे काही म्हणतात, की छे, प्रत्येक कामाला आपली लहानशी वेगळी आज्ञावली असावी. आजच्या डेस्कटॉप संगणकाला यांपैकी काय मानवते? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे, असे वाटते. पण त्याच्या पोटात शिरलो, तर एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते.

एका मोठ्या आज्ञावलीची गोष्ट

आपण एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारा 'ग्नोम' नावाचा एक डेस्कटॉप आहे. मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी १९९७ साली त्या प्रकल्पाचा आरंभ केला. पुढे दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांनी १९९९ साली अमेरिकेत एक कंपनी काढली. तिचे नाव नंतर 'झिमियन' झाले. या कंपनीने 'एव्होल्यूशन' ही आज्ञावली तयार केली आणि तिची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्रे, कॅलेंडर, पत्ते आणि कामे असे चारही विभाग तिच्या एकाच खिडकीत होते.

ही कल्पना नवी नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या 'आउटलुक ९७' मध्ये १९९७ पासून हीच मांडणी होती आणि कचेऱ्यांतून ती रुळली होती. लिनक्स वापरणाऱ्यालाही तशी सोय मिळावी, हा एव्होल्यूशनचा हेतू होता. २००३ साली 'नॉव्हेल' या कंपनीने झिमियन विकत घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत एव्होल्यूशनच्या देखभालीचे बरेचसे काम नॉव्हेलच्या बंगळूर येथील अभियंत्यांनी केले.

आता हे लक्षात घ्या, की २००१ सालचा डेस्कटॉप पुष्कळसा रिकामा होता. कोपऱ्यात घड्याळ असे, पण ते नुसती वेळ दाखवी. 'नवे पत्र आले' अशी सूचना देण्याची सर्वांना मिळून एकच व्यवस्था नव्हती. खात्याचे नाव आणि पासवर्ड प्रत्येक आज्ञावलीला वेगवेगळा सांगावा लागे. अशा घरात जो पाहुणा येईल, त्याने आपले अंथरूण, आपला तांब्या आणि आपला कंदील बरोबर आणणेच शहाणपणाचे होते. मोठ्या आज्ञावलीने नेमके तेच केले.

दुसरी बाजू

लहान आज्ञावल्यांचा पक्ष याहून जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'युनिक्स' ही प्रणाली तयार होत असताना डग्लस मॅकिलरॉय या शास्त्रज्ञाने एक आग्रह धरला. एका आज्ञावलीतून निघालेली माहिती सरळ दुसरीत शिरावी, जणू नळाला नळ जोडावा. १९७३ साली युनिक्समध्ये ही सोय आली. तिला 'पाइप' म्हणजे नळीच म्हणतात. प्रत्येक आज्ञावलीने एकच काम करावे पण ते चोख करावे, हे तत्त्व मॅकिलरॉय यांनी १९७८ साली एका लेखात मांडले.

या पक्षाचे म्हणणे असे : पत्रांच्या भागात बिघाड होऊन खिडकी गोठली, तर कॅलेंडरही गोठते. ज्याला दिवसाला दोनच पत्रे येतात, त्याने चार विभागांचा पसारा का उघडावा? आणि ज्याला पत्रांसाठी एक आज्ञावली आवडते, पण कॅलेंडरसाठी दुसरी, त्याने काय करायचे?

दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते, नाही का? मग निर्णय कसा करायचा? त्यासाठी खिडकी क्षणभर विसरून जाऊ आणि पत्रातून येणारे आमंत्रण आतून कसे असते, ते पाहू.

आमंत्रणाच्या पोटात

समजा, साताऱ्याजवळच्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाई आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन विज्ञान प्रदर्शनाला जाणार आहेत. परीक्षकांपुढे प्रयोग मांडण्याची वेळ ११ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी १० अशी ठरली आहे. संयोजकांनी बाईंना ई-मेलने आमंत्रण पाठविले. त्या पत्राला एक छोटी फाइल जोडलेली असते. ती 'आयकॅलेंडर' नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. ही पद्धत १९९८ साली ठरली आणि २००९ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिचे नियम कोणालाही वाचता येतात.

ही फाइल म्हणजे साध्या अक्षरांच्या काही ओळी असतात. मूळ अक्षरे व आकडे रोमन असतात. येथे ती देवनागरीत देतो :

डीटीस्टार्ट;टीझेडआयडी=एशिया/कोलकाता:२०२६१२११टी१०००००

घाबरू नका, ओळीची फोड करू. 'डीटीस्टार्ट' म्हणजे आरंभाची तारीख व वेळ. 'एशिया/कोलकाता' म्हणजे वेळ भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे धरावी. पुढे वर्ष २०२६, महिना १२, दिवस ११. 'टी' हे अक्षर तारीख संपून वेळ सुरू झाल्याची खूण आहे. शेवटी १० तास, ०० मिनिटे, ०० सेकंद.

हीच वेळ आणखी एका प्रकारे लिहिता येते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून आपले सकाळचे १० म्हणजे जागतिक वेळेने पहाटेचे ४.३०. तेव्हा '०४३०००' असे लिहून शेवटी 'झेड' हे अक्षर जोडायचे. 'झेड' असले, की वाचणाऱ्या आज्ञावलीने ती जागतिक वेळ समजायची आणि आपल्या देशाप्रमाणे बदलून दाखवायची.

आता गंमत पाहा. आमंत्रण तयार करणाऱ्या आज्ञावलीने चुकून १०.०० लिहून पुढे 'झेड' जोडला, तर? बाईंचा संगणक ती जागतिक वेळ समजेल, तीत साडेपाच तास मिळवील आणि कॅलेंडरवर दुपारचे ३.३० दाखवील. मुलांनी महिनाभर खपून केलेला प्रयोग! सकाळी दहाला परीक्षक रिकाम्या टेबलासमोर उभे राहतील आणि मुले तीन वाजता डबा संपवून उत्साहाने येतील. एका अक्षराने घात केला! आणि हे ध्यानात ठेवा, की बाईंनी एका खिडकीची मोठी आज्ञावली वापरली असती काय किंवा दोन लहान वापरल्या असत्या काय, चूक तीच झाली असती.

ओळखक्रमांकाची युक्ती

त्या फाइलमध्ये आणखी एक महत्त्वाची ओळ असते. प्रत्येक कार्यक्रमाला एक लांबलचक ओळखक्रमांक दिलेला असतो. तो दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमाला असू नये, असा संकेत आहे. त्याच्या जोडीला एक 'क्रमवार आकडा' असतो. पहिल्या आमंत्रणात तो ० असतो. समजा, संयोजकांनी वेळ १० ऐवजी ११ केली. मग ते नवे पत्र पाठवितात. त्यात ओळखक्रमांक तोच असतो, पण क्रमवार आकडा १ होतो. बाईंची आज्ञावली ओळखक्रमांक पाहते आणि म्हणते, 'हा कार्यक्रम माझ्याकडे आहे. मात्र ही माहिती अधिक ताजी आहे.' ती जुनी नोंद बदलते, दुसरी नवी नोंद करीत नाही. बाईंनी 'येते' असे कळविले, की उत्तराच्या पत्रातही तोच ओळखक्रमांक जातो. त्यामुळे ते उत्तर कोणत्या कार्यक्रमाचे आहे, हे संयोजकांच्या संगणकाला माणसाला न विचारता कळते.

म्हणजे पेन्सिल घेतलेल्या माणसाचे काम आता कोण करते? मोठी खिडकी नव्हे. ते काम सर्वांनी मान्य केलेली लेखनाची पद्धत आणि हा ओळखक्रमांक करतो.

खिडकीखालचे कोठार

एव्होल्यूशनच्या कर्त्यांनाही हे उमगले होते. २००४ साली एव्होल्यूशन ग्नोम डेस्कटॉपचा अधिकृत भाग झाली, तेव्हा तिच्यातील माहितीचे कोठार खिडकीपासून वेगळे करण्यात आले. त्याला 'एव्होल्यूशन डेटा सर्व्हर' म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी हा सर्व्हर तुमच्याच संगणकात पडद्यामागे चालतो. त्यात लहान लहान आज्ञावल्या आहेत : एक कॅलेंडर सांभाळते, एक पत्ते सांभाळते, एक खात्यांची नोंद ठेवते, एक ठरल्या वेळी आठवण देते.

याचा परिणाम मोठा झाला. कोठार वेगळे झाल्यावर त्याला अनेक दारे बसविता आली. आजच्या ग्नोममध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीतील घड्याळावर टिचकी मारली, की त्या दिवसाचे कार्यक्रम दिसतात. ते याच कोठारातून येतात. 'ग्नोम कॅलेंडर' ही लहान, सुटसुटीत आज्ञावलीही याच कोठारातून वाचते. तिच्यात लिहिलेला कार्यक्रम एव्होल्यूशनमध्ये दिसतो आणि एव्होल्यूशनमध्ये लिहिलेला तिच्यात. एव्होल्यूशनची खिडकी बंद असली, तरी प्रदर्शनाची आठवण वेळेवर होते. कारण आठवण देणारी आज्ञावली कोठाराजवळ बसलेली आहे, खिडकीत नाही.

पत्रांचे मात्र तसे नाही. पत्रे आणण्याचे काम खिडकीची मुख्य आज्ञावलीच करते. म्हणून ती बंद केली, की सामान्यतः नव्या पत्राची सूचना येत नाही. म्हणजे कॅलेंडर आजच्या डेस्कटॉपमध्ये पूर्ण मुरले आहे, तर पत्रे अजून जुन्या रीतीने खिडकीशी बांधलेली आहेत. मोठ्या आज्ञावलीची खरी उणीव येथे दिसते.

इतरांनी काय केले?

आता आजूबाजूला नजर टाकू. 'मोझिला' या संस्थेकडे पूर्वी एकच मोठी आज्ञावली होती. तिच्यात संकेतस्थळे पाहण्याची आणि पत्रांचीही सोय होती. तिची फोड करून २००४ साली 'फायरफॉक्स' आणि 'थंडरबर्ड' अशा दोन वेगळ्या आज्ञावल्या आल्या. कॅलेंडरसाठी 'सनबर्ड' ही तिसरी होती. पण सनबर्डचे काम २०१० साली थांबले. कॅलेंडर २०१५ पासून थंडरबर्डबरोबर येऊ लागले आणि २०२० साली तिचा अविभाज्य भाग झाले. पाहा, तोडलेले पुन्हा जोडले गेले! आमंत्रणे पत्रांतून येतात, म्हणून कॅलेंडर पत्रांच्या शेजारी असणे लोकांना सोयीचे वाटते.

'केडीई' या दुसऱ्या एका डेस्कटॉपने मधला मार्ग काढला. तेथे पत्रांची आज्ञावली वेगळी, कॅलेंडरची वेगळी. आणि 'काँटॅक्ट' नावाची एक चौकट त्यांना एकत्र दाखविते. आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा आठवा. झाकण एक, पण मोहरी, हळद, जिरे यांच्या वाट्या वेगळ्या. हवी ती वाटी बाहेर काढून एकटीही वापरता येते.

ॲपलच्या मॅक संगणकावर पत्रे आणि कॅलेंडर यांच्या आज्ञावल्या वेगवेगळ्या आहेत. उलट मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील पत्रांची व कॅलेंडरची लहान ॲप २०२४ च्या अखेरीस बंद केली आणि त्यांच्या जागी एकत्रित नवे आउटलुक आणले. मोठमोठ्या कंपन्यांनी दोन विरुद्ध वाटा धरल्या आणि दोन्ही वाटांवर कोट्यवधी लोक चालत आहेत. यावरून काय ठरते? खिडक्या किती, यावर यश अवलंबून नाही.

तर मग निवड कशी करावी?

पूर्वी मोठ्या आज्ञावलीवर एक आक्षेप असा होता, की ती संगणकाची स्मृती फार खाते. २००१ साली १२८ मेगाबाइट स्मृतीचा संगणक बरा समजत. आज ८ गिगाबाइट सहज असते. १ गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट. तेव्हा ८,१९२ भागिले १२८ बरोबर ६४. स्मृती चौसष्टपट झाली. हा आक्षेप आता पुष्कळसा बोथट झाला आहे.

मात्र एक नवी गोष्ट घडली. पत्रे आणि तारखा आता एकट्या डेस्कटॉपवर राहत नाहीत. तेच पत्र फोनवरही दिसले पाहिजे. यासाठी पत्रे सर्व्हरवरच ठेवून तेथूनच वाचण्याची 'आयमॅप' ही पद्धत १९८६ सालापासून आहे. कॅलेंडरसाठी 'कॅलडॅव्ह' ही तशीच पद्धत २००७ साली ठरली. फोनवर वाचलेले पत्र डेस्कटॉपवरही 'वाचलेले' दिसते, ते आयमॅपमुळे. या पद्धती पाळल्या जात असतील, तर डेस्कटॉपवर एक खिडकी आणि फोनवर दोन, अशी सरमिसळ बिनघोर चालते.

म्हणून आमचे मत असे : ज्यांना दिवसभर आमंत्रणे येतात, ज्यांना सभा ठरवायच्या असतात, त्या मुख्याध्यापकांना किंवा कचेरीतील लोकांना एका खिडकीची आज्ञावली आजही सोयीची आहे. ज्या विद्यार्थ्याला आठवड्यातून चार पत्रे येतात आणि परीक्षेच्या तारखा तेवढ्या लक्षात ठेवायच्या आहेत, त्याला दोन लहान आज्ञावल्या पुरतात. पण कोणतीही घेण्यापूर्वी तिला तीन प्रश्न विचारावेत. माझी पत्रे आणि तारखा सर्वांना वाचता येतील अशा पद्धतीने बाहेर काढून देशील का? फोनशी आणि दुसऱ्या आज्ञावल्यांशी खुल्या पद्धतीने बोलशील का? तुझी खिडकी बंद असली, तरी माझी आठवण वेळेवर होईल का?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आज तुम्ही नववीत असाल. दहा वर्षांनी शाळेतल्या मित्राचे एखादे पत्र किंवा बाईंनी पाठविलेला शाबासकीचा संदेश तुम्हाला पुन्हा वाचावासा वाटेल. तेव्हा आजची आज्ञावली असेलच असे नाही. कंपन्या विकल्या जातात, आज्ञावल्या बंद पडतात, हे आपण वर पाहिलेच. तारेवरचे पोस्टकार्ड पन्नास वर्षांनीही वाचता येते, कारण ते वाचायला तारेची परवानगी लागत नाही. संगणकातील पत्रही तसेच असले पाहिजे.

हे करून पाहा

१. तुमच्या कॅलेंडरमध्ये 'प्रयोग' नावाचा एक कार्यक्रम उद्या सकाळी १० वाजता लिहा. मग 'एक्सपोर्ट' ही सोय शोधून त्याची आयकॅलेंडर फाइल काढा. ती साध्या मजकुराच्या संपादकात उघडा. 'डीटीस्टार्ट' ची ओळ सापडली का? तिच्यात प्रमाणवेळेचे नाव आहे की शेवटी 'झेड' आहे?

२. फाइलची एक प्रत करा. प्रतीत १० ऐवजी ११ करा. 'झेड' असेल, तर तास जागतिक वेळेत आहे हे विसरू नका! ओळखक्रमांक तसाच ठेवा आणि फाइल पुन्हा कॅलेंडरमध्ये घ्या. जुनी नोंद बदलली की दुसरी नोंद झाली? वेगवेगळ्या आज्ञावल्या येथे वेगवेगळे वागतात. वर्गात निकालांची तुलना करा.

३. हीच फाइल मित्राच्या संगणकावरील निराळ्या आज्ञावलीत उघडा. वेळ तीच दिसली, तर दोन अनोळखी आज्ञावल्या एकमेकींशी नीट बोलल्या, असे समजा.